सोळाव्या पातळीवरचं लोखंड

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या कुणालाही विचारा, जमिनीखाली उतरून काय शोधतोस, तर उत्तर येतं, "हिरे." माझा भाचाही तेच म्हणतो. यूट्यूबवर या खेळाचे व्हिडिओ शोधले की पहिल्या पानभर निळसर हिरे चमकत असतात. माझा जीव मात्र या खेळात जडलाय तो लोखंडावर, आणि आजचं हे लिहिणं त्या लोखंडासाठी आहे.

हा खेळ ज्यांनी कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली त्याचं पहिलं रूप लोकांसमोर ठेवलं, २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो विकत घेतला आणि २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. सगळं जग एक मीटर लांब-रुंद-उंच अशा ठोकळ्यांचं. माती, दगड, पाणी, झाड, सगळं ठोकळ्यांतच. तुम्ही रिकाम्या हातानं एका अनोळखी माळावर उभे असता. काय करायचं ते कुणी सांगत नाही. संध्याकाळ झाली की अंधारातून झोंबी नि क्रीपर असे राक्षस निघतात, त्याच्या आत काहीतरी आसरा उभा करायचा. झाडाला हातानं ठोसे मारायचे, लाकूड मिळवायचं, लाकडाचा टिकाव करायचा, त्यानं दगड फोडायचा, दगडाचा टिकाव करायचा.

इथवरचं सगळं पहिल्या दिवशी उरकतं. मग लोखंड दिसतं.

राखाडी दगडात फिकट, बदामी-गुलाबी ठिपके. पूर्वी सगळ्या खनिजांचे ठिपके एकाच आकाराचे असत, फरक फक्त रंगात. ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांची त्यामुळे पंचाईत व्हायची, म्हणून २०२१ मध्ये जवळपास प्रत्येक खनिजाला स्वतःची वेगळी नक्षी दिली गेली. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. खाणीतल्या अर्धवट उजेडात आता मीसुद्धा रंगाआधी नक्षी ओळखते. लोखंडाचे ठिपके आडवे, जरा पसरट असतात, आणि ते भिंतीत दिसले की पुढच्या दिवसांची सगळी आखणी डोक्यात सुरू होते.

या खेळाचा पाया एका नियमात आहे. प्रत्येक खनिजाला त्याच्या तोलाचं हत्यार लागतं. लाकडी टिकावानं कोळसा निघतो, लोखंड निघत नाही. दगडी टिकावानं लोखंड, तांबं, लाजवर्द निघतं. सोनं, रेडस्टोन (यंत्रं चालवणारं लाल खनिज), हिरा, पाचू यांना लोखंडी टिकावच हवा. हिऱ्याचा ठोकळा दगडी टिकावानं फोडता येतो, पण तो नुसता नाहीसा होतो. हातात काही पडत नाही. सोन्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सोन्याचा टिकाव सगळ्यांत वेगानं चालतो, पण ३२ ठोकळ्यांत मोडतो आणि त्यानं लोखंडसुद्धा निघत नाही. लाकडी टिकाव ५९ ठोकळे टिकतो, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याचा १५६१. हे आकडे खेळणाऱ्यांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्यात हिरा सगळ्यांच्या पुढे दिसतो खरा, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट लोखंडातूनच जाते. दुसरी वाट नाही असं म्हटलं तरी चालेल.

शिवाय हिऱ्याचं काय होतं? टिकाव, तलवार, चिलखत, मंतरायचं टेबल. लोखंडाचं काय काय होतं ते पाहा. तीन तुकड्यांची बादली होते, आणि माझ्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात मोठी वस्तू ती बादलीच आहे. दोन बादल्या पाणी दोन बाय दोनच्या खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत ओता, की ते पाणी कधी आटत नाही. ज्या माणसाचं बालपण टँकरच्या वेळापत्रकावर गेलंय त्याला या खड्ड्यापाशी पहिल्यांदा उभं राहताना काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. पाण्यापासून चार ठोकळ्यांपर्यंतचं शेत ओलं राहतं. तेच पाणी लाव्ह्याच्या तळ्यावर ओतलं की काळी ऑब्सिडियन तयार होते, आणि तिच्या चौकटीतून नेदर नावाच्या पाताळाचं दार उघडतं. बादलीत लाव्हा भरून भट्टीत टाकला तर शंभर वस्तू भाजून निघतात. उंचावरून पडताना जमिनीला टेकायच्या क्षणी पायाखाली पाणी ओतता आलं तर जीव वाचतो. एवढं सगळं लोखंडाच्या तीन तुकड्यांत.

मग कात्री, ढाल, होकायंत्र, कढई, खाणगाडी, रूळ, माल इकडून तिकडे सरकवणारा हॉपर. ऐरणीला तर ३१ तुकडे लागतात. हे सगळं घर चालवायचं सामान आहे. त्यात मिरवायचं काही नाही आणि त्याच्यावाचून एक दिवस चालत नाही.

आता हे लोखंड कुठं मिळतं ते. मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते यावरच.

खेळात पातळी म्हणजे उंची, एकेका ठोकळ्यानं मोजलेली. २०२१ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत या जगाचा तळ शून्य पातळीवर होता. तळाला बेडरॉक, न फुटणारा. समुद्राची पातळी साधारण ६३. लोखंड समुद्राच्या पातळीच्या खाली बहुतेक कुठेही सापडे, हिरे तळाशी. त्यामुळे सगळे खेळाडू एकच करत. थेट अकराव्या पातळीवर उतरायचं, कारण दहाच्या खाली गुहांत लाव्हा असतो, आणि तिथं सरळ बोगदा मारत सुटायचं. दोन ठोकळे उंच, एक रुंद, आणि ठरावीक अंतरावर फांद्या. डोंगर असो की वाळवंट, खाली उतरलं की सगळं सारखंच.

नंतर १.१८ ही आवृत्ती आली आणि जग वर आणि खाली दोन्हीकडे वाढलं. तळ उणे ६४ वर गेला, माथा ३२० वर. शून्याच्या खाली नेहमीच्या दगडाऐवजी डीपस्लेट नावाचा काळसर, फोडायला जड खडक लागतो. आणि प्रत्येक खनिजाला स्वतःचं गाव मिळालं. कोळसा वरच्या अंगाला, डोंगरात भरपूर. तांबं ४८ च्या आसपास सगळ्यात दाट. लाजवर्द शून्याभोवती, सोनं उणे १६ ला, हिरा आणि रेडस्टोन जितकं खाली जाल तितके जास्त. पाचू फक्त डोंगराळ प्रदेशात. लोखंडाची मात्र दोन घरं. एक सोळाव्या पातळीवर आणि दुसरं खूप उंच, २३२ च्या आसपास, म्हणजे उघड्या कड्यांच्या शिखरांवर.

या बदलावर तेव्हा बऱ्याच जुन्या खेळाडूंनी नाराजी दाखवली. सवयीचा अकरावा मजला गेला. माझं मत अगदी उलट आहे. खनिजांना भूगोल मिळाला तो तेव्हा. लोखंड हवं तर डोंगर चढायचा, ही कल्पनाच किती सुंदर आहे. वर बर्फ, बाजूला दरी, खाली ढग, आणि उभ्या कड्यात बदामी ठिपक्यांचे पट्टे डोळ्यांनी दिसतात. टॉर्च लागत नाही, बोगदा लागत नाही. पाय घसरू नये एवढंच बघायचं. आणि लोखंड एवढं बहुगुणी, की त्याची दोन ठिकाणं असणं मला न्यायाचं वाटतं.

याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर मी पुष्कळ विचार करते. प्रत्येक जग एका आकड्यातून जन्मतं, त्याला सीड म्हणतात. तोच आकडा, तीच आवृत्ती, की तेच डोंगर, त्याच नद्या, त्याच जागी तेच लोखंड. पण हे जग आधीपासून बांधून ठेवलेलं नसतं. तुम्ही जवळ जाल तसतसे सोळा बाय सोळाचे उभे तुकडे तयार होत जातात. म्हणजे पूर्वेच्या त्या डोंगरात, जिथं मी अजून गेलेलीच नाही, तिथं लोखंड आत्ता नाही. ते कुठं असणार हे मात्र पहिल्या क्षणापासून ठरलेलं आहे. नशीब म्हणतात ते हेच का, असं मला एकदा वाटून गेलं होतं. पण नशीब बसल्या जागी फळत नाही आणि हेही नाही. चालत गेल्याशिवाय तो डोंगर उभाच राहत नाही.

माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याकडे विहीर खणायला घेतली की वर वीतभर माती, मग मुरूम, मग कच्चा खडक, आणि त्याच्याखाली काळा पाषाण. यारीच्या बादलीतून वर येणारा राडारोडा आम्ही पोरं चिवडत बसायचो. खणून काढावं असं धातूचं काही त्यात नसायचं. दख्खनचा हा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा. थरावर थर, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. लोखंडाच्या खाणी हव्यात तर गडचिरोलीत सुरजागडला जावं लागतं, नाहीतर खाली रेडीला, गोव्याला. आम्हाला मिळायच्या त्या गारगोट्या. ओबडधोबड दगड फोडला की आत पोकळी, आणि पोकळीत पांढऱ्या, कधी जांभळट स्फटिकांची दाटी.

खेळात २०२१ सालीच ॲमेथिस्टच्या पोकळ्या आल्या. बाहेर गुळगुळीत बेसॉल्टचं कवच, त्याच्या आत कॅल्साइटचा पांढरा थर, आणि आत जांभळे स्फटिक. ज्यानं कुणी हे रचलं त्याला लाव्ह्यातले बुडबुडे आणि त्यांच्यात लाखो वर्षं झिरपलेलं पाणी नक्की ठाऊक असणार. मी पहिल्यांदा अशा पोकळीत शिरले तेव्हा भाचा शेजारी होता. "मावशी, इथं काही नाहीये, चल," असं तो घाई करत होता. मी त्याला आमच्या विहिरीचं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे खरंच असं मिळतं? मग तू गेम कशाला खेळतेस?" तेव्हा मी हसले. पण उत्तर माझ्याकडे होतं. आमच्या पाषाणात खणून काढण्याजोगं लोखंड नाही ना, म्हणून.

खाणीतून निघालेलं लोखंड तसंच वापरता येत नाही. २०२१ पासून ठोकळा फोडला की कच्च्या लोखंडाचा गोळा मिळतो, तो भट्टीत घालायचा. एक नग दहा सेकंदांत निघतो, एक कोळसा आठ नगांना पुरतो. कोळसा नसेल तर लाकूडच भट्टीत जाळून लोणारी कोळसा करता येतो. भट्टी आठ दगडांची, घराच्या कोपऱ्यात बसते. तिच्यापुढे उभं राहिलं की मला नैकुंडची आठवण येते. नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीच्या काठी, महापाषाणकालीन वस्तीत पुरातत्त्वज्ञांना लोखंड गाळायची मातीची भट्टी सापडली. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. खरं लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. त्या काळच्या भट्टीत एवढी आच होत नसे. कोळसा आणि खनिज थरांनी रचायचं, भाते मारत राहायचे, आणि शेवटी भट्टीतून निघायचा तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा, मळीनं भरलेला. तो पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून, मळी बाहेर काढून मगच कुऱ्हाड व्हायची, घोड्याचा लगाम व्हायचा. विदर्भातल्या शिळावर्तुळांतून अशी हत्यारं निघाली आहेत. खेळातल्या दहा सेकंदांमागे माणसांनी केलेले एवढे कष्ट आहेत. भाच्याला हे कळावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याला कळतंही. मुलांना कंटाळा गोष्टीचा नसतो, सांगणाऱ्याच्या कोरडेपणाचा असतो.

तांब्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा त्याचा उपयोग फारसा नव्हता. विजेचा सळा, दुर्बीण, आणि बांधकाम. तरी मला ते पहिल्यापासून आवडलं, कारण या जगातल्या धातूंत तेवढंच काळाबरोबर बदलतं. तांब्याचं छप्पर घातलं की ते हळूहळू काळवंडतं, मग त्यावर हिरवी झाक येते, शेवटी पूर्ण हिरवं होतं. चार अवस्था. मधाच्या पोळ्याचं मेण लावलं की ते आहे तिथं थांबतं, कुऱ्हाडीनं खरवडलं की एक पायरी मागं येतं. २०२५ च्या शरदात तांब्याची हत्यारंही आली, दगड आणि लोखंडाच्या मधली. मला वाटतं, खेळाला तेव्हा ताम्रपाषाण युग मिळालं. संगमनेरजवळच्या जोर्वेला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. घोड नदीवरच्या इनामगावला त्याच संस्कृतीचे लोक रोजची कापाकापी दगडी पात्यांनी करायचे आणि तांबं जपून वापरायचे, कारण ते लांबून यायचं. आमच्या पाषाणात तांब्याचंही खनिज नाही.

हिऱ्याशी माझं वैर नाही. उणे ५९ च्या आसपास, डीपस्लेटच्या काळोखात, लाव्ह्याची गुडगुड ऐकत जेव्हा तो निळा ठिपका दिसतो तेव्हा माझ्याही छातीत धस्स होतं. त्या भागात आधी आजूबाजूचे ठोकळे काढून घ्यायचे, मग हिरा. मागं लाव्हा असला तर हिरा त्यात पडून जळतो. फॉर्च्युनचा तिसऱ्या दर्जाचा मंत्र टिकावावर असला तर एका ठोकळ्यातून सरासरी दोनापेक्षा थोडे जास्त हिरे निघतात, म्हणून जाणते खेळाडू पहिले हिरे दिसले तरी हात राखतात आणि तो मंत्र मिळेपर्यंत जागा खुणेनं लक्षात ठेवतात. हा संयम मला भावतो. पण पूर्ण चिलखताला २४ हिरे लागतात, ते मिळाले की पुढं काय? बऱ्याच जणांचं जग तिथंच संपतं. पेटीत हिरे भरून पडलेले, आणि घराभोवती ना रस्ता, ना शेत.

लोखंडाचं तसं होत नाही, त्याला नेहमी पुढचं काम असतं. खाली, उणे आठ ते उणे साठच्या मध्ये, कधी कधी लोखंडाची मोठी शीर लागते. हिरवट-करड्या टफ दगडात ठोकळ्यामागून ठोकळा लोखंड, मधूनच कच्च्या लोखंडाचा अख्खा ठोकळा. टफ वाजवीपेक्षा जास्त दिसायला लागला की थांबायचं आणि त्याचा माग काढायचा. हे कुणी शिकवत नाही, डोळ्यांना सवयीनं कळतं. मी अशी शीर पहिल्यांदा गाठली ती रात्री उशिरा, आणि तिचं दुसरं टोक दिसेपर्यंत उठले नाही.

एक गोष्ट मला या खेळात खटकते. इथं खाण मागं काही ठेवत नाही. धूळ नाही, मळी नाही, नदीत लाल गाळ नाही. गोव्यात डिचोली-सांग्याकडच्या लोकांनी एका टन खनिजामागं किती माती उपसावी लागते आणि ती पावसात कुठं जाते ते पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं तिथलं खाणकाम २०१२ मध्ये थांबवलं आणि २०१८ मध्ये पुन्हा, तेव्हा शेतं नि विहिरी वाचतील असं म्हणणारे होते आणि ज्यांचे ट्रक नि बार्ज कर्जावर उभे होते तेही होते. दोघांचंही खरं होतं. खेळात एवढं सगळं आणायला हवं असं मी म्हणत नाही. पण माझ्या जगात मी डोंगर फोडला की खड्डा बुजवते, वर माती घालते, रोपं लावते. त्याचे गुण मिळत नाहीत. तरी करते.

आणि दुसरं, ज्यावर माझा भाच्याशी खरा वाद आहे. लोखंड न खणताही मिळतं. खेळातल्या गावात गोलेम नावाचा लोखंडी राखणदार असतो, उंच, हात लोंबणारा. गावकऱ्यांना झोंबींपासून राखतो आणि मधूनच गावातल्या पोरांपुढं लाल फूल धरतो. तो मेला की तीन ते पाच तुकडे लोखंड पडतं. म्हणून खेळाडू असं यंत्र बांधतात, की गावकरी झोंबीला बघून घाबरत राहतील, गोलेम जन्मत राहतील आणि खालच्या लाव्ह्यात पडत राहतील. रात्रभर चालू ठेवलं की पेट्या भरतात. हुशारीचं काम आहे, यात शंका नाही. पण मला ते बघवत नाही. फूल देणाऱ्याला जन्मतःच लाव्ह्यात ढकलून मिळवलेल्या लोखंडाची बादली मला नको. माझ्या गावातल्या गोलेमच्या अंगावर भेगा दिसल्या की मी एक तुकडा लोखंड घेऊन जाते. तो त्याला लावला की भेगा बुजतात. भाचा म्हणतो, "मावशी, तो खरा नाहीये गं." मी म्हणते, "लोखंड तरी कुठं खरंय?"

सध्या काम चाललंय ते रेल्वेचं. डोंगरातल्या घरापासून समुद्रकाठच्या गावापर्यंत. सहा तुकडे लोखंड आणि एक काठी यांत सोळा रूळ होतात; म्हणजे हजार ठोकळ्यांच्या मार्गाला ३७८ तुकडे, गाड्या आणि हॉपर वेगळे. मधूनमधून गाडीला वेग देणारे रूळ लागतात, त्यांना सोनं आणि रेडस्टोन. दिवाळीच्या सुट्टीत भाचा येणार आहे. सोनं आणायला उणे सोळाला त्यानं उतरायचं, वाटेत हिरे सापडले तर ते त्याचे, असं ठरलंय. शिखरावरचं लोखंड माझ्याकडे.